तुर्भ्याचा घाऊक बाजार आणि पाव किलो डाळ

मुंबईकर ज्याला ‘वाशी मार्केट’ म्हणतात, ते खरे तर तुर्भ्यात आहे. कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे आणि भाजीपाला असे पाच घाऊक बाजार इथे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, हनुमाननगर या वस्त्या. हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, कंत्राटी कामगार इथे राहतात. एवढ्या मोठ्या बाजाराच्या दारात राहणाऱ्यांना तरी स्वस्तात खाता यावे. तसे होत नाही, आणि त्याचे कारण इतिहासात शोधावे लागते.

हा बाजार मूळचा मुंबईचा. धान्य मशीद बंदरजवळच्या दाणाबंदरात, भाजी भायखळ्यात, फळे क्रॉफर्ड मार्केटात विकली जात. १९६३ साली राज्यात बाजार समित्यांचा कायदा झाला, १९७७ मध्ये मुंबईची बाजार समिती आली. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार खाडीपलीकडे गेला, नंतर धान्य आणि मसाला, १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाला. मुंबईतल्या अरुंद रस्त्यांवरची ट्रकची कोंडी फोडणे हा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण त्या आराखड्यात ट्रक होते, गाळे होते, गोदामे होती. पिशवी घेऊन येणारे गिऱ्हाईक नव्हते.

घाऊक बाजारात व्यवहार गोणीचा असतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात संध्याकाळी पैसे येतात आणि संध्याकाळीच चूल पेटवायची असते. तो पाव किलो तूरडाळ, दहा रुपयांचे तेल, मसाल्याची पुडी घेतो. महिन्याचे वाणसामान एकदम भरणाऱ्याला किलोमागे कमी पडते, रोज पुडी घेणाऱ्याला जास्त. शिवाय उधारी असली की दुकान बदलता येत नाही. रस्त्यापलीकडे भाव उतरल्याचे त्याला कळते, पण वहीवरच्या दुकानात तो उतरायला वेळ लागतो. गरिबाने काटकसर करावी, हा उपदेश मला म्हणूनच पटत नाही. एकदम जास्त माल घेऊन पैसे वाचवायलाही आधी हातात पैसे लागतात.

घाऊक मंडी आणि मोहल्ल्यातले दुकान यांच्यातला हा प्रश्न जुना आहे. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (१२९६-१३१६) आपल्याकडे देवगिरीच्या स्वारीमुळे माहीत आहे, आणि हल्ली सिनेमामुळे. त्याने धान्याचे भाव बांधून दिले होते. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने ते नोंदवले आहेत: गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ पाच. मंडीवर देखरेखीला ‘शहना’ हा अधिकारी होता. पण मला महत्त्वाची वाटते ती बरनीची दुसरी माहिती. पाऊस नीट झाला नाही, तर वस्तीची लोकसंख्या पाहून प्रत्येक मोहल्ल्याच्या वाण्याला मंडीतून रोजचे धान्य दिले जाई. नुसता मंडीतला भाव बांधून भागत नाही, धान्य गल्लीपर्यंत न्यावे लागते, हे त्या राजवटीला कळले होते. अर्थात हे सगळे कमी पगारात मोठे सैन्य पोसण्यासाठी होते, आणि त्याचा भार दोआबच्या शेतकऱ्यावर पडला. त्याच्याकडून निम्मे पीक महसूल म्हणून घेतले जाई. शहराची स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, हे तेव्हाही विचारायला हवे होते.

मुंबईत १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात रेशनिंग आले. नंतरच्या पिढीच्या आठवणीत आहे ती १९७२ च्या दुष्काळातली अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी आणि थाळ्या घेऊन बाया उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हे राजकारणाचे विषय झाले, कारण ज्यांना रोज पुडी आणावी लागते त्याच बोलू लागल्या.

त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, मूदभर भात. पण घराचे पोट खऱ्या अर्थाने रेशनवर चालते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला होतात सुमारे १६६ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही, कांदा नाही. म्हणजे नेमके तेच, जे तुर्भ्याच्या बाजारात गोण्यांनी उतरते. शिवाय शहरी कुटुंबासाठी राज्याने तेव्हा ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये, महिन्याला पाच हजारांच्याही आत. घरातले दोघे राबत असतील, तर कागदावर ते कुटुंब ‘प्राधान्य’ राहत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा जुळवता जुळवता नाकी नऊ येतात, ते वेगळेच.

मग उरतो तो वाट्यावरचा माल. दबलेले टोमॅटो, मोड आलेले बटाटे, साल निघालेले कांदे. तराजू नाही; जमिनीवर मांडलेले वाटे असतात, आणि अंधार पडत जातो तसा वाट्याचा भाव उतरतो. रमजानमध्ये केळी आणि कलिंगडांचेही असेच वाटे लागतात. इफ्तारच्या घाईत माल चढ्या भावाने जातो. मगरिबनंतर विक्रेता उरलेले ढीग संपवायला बसतो, आणि हिशेबाच्या बाया त्याच वेळेला बाहेर पडतात.