नट बदलला की जेम्स बाँड कसा बदलतो?

१९६२ च्या ‘डॉ. नो’पासून इऑन कंपनीच्या चित्रपटांत सहा नटांनी बाँड साकारला. शॉन कॉनरीच्या बाँडमध्ये मोहकपणाइतकाच क्रूरपणा होता. जॉर्ज लेझनबी एकाच चित्रपटापुरता आला. रॉजर मूरने सात चित्रपटांत बाँडला मिश्कील केले. काही भाग उदयपूरला चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’त (१९८३) तर तो विदूषकाच्या वेशात बाँब निकामी करतो. कॉनरीला हे शोभले नसते.

सर्वांत बोलका प्रसंग १९८६ चा. मूरनंतर पिअर्स ब्रॉस्ननचे नाव जवळपास ठरले होते. पण ‘रेमिंग्टन स्टील’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने तो अडकला आणि भूमिका टिमथी डाल्टनकडे गेली. डाल्टनने इयन फ्लेमिंगच्या मूळ कादंबऱ्यांचा आधार घेतला. त्याचा बाँड थकलेला आणि रागीट. ‘लायसन्स टू किल’मध्ये (१९८९) मित्रावरील हल्ल्याचा सूड घेण्यासाठी तो नोकरीवरही पाणी सोडतो. अमेरिकेत हा चित्रपट फारसा चालला नाही.

ब्रॉस्नन अखेर १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’मधून आला आणि बाँड पुन्हा रुबाबदार, हजरजबाबी झाला. डाल्टनचा कडवटपणा मात्र वाया गेला नाही: २००६ च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये डॅनियल क्रेगचा रक्तबंबाळ होणारा बाँड त्याच जातीचा होता, आणि या वेळी प्रेक्षकांनी तो उचलून धरला.