पोथीचं वेष्टन आणि पावसाळ्याची ओल



2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापुराचं पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं आणि तिथूनच मागे फिरलं. आम्ही आधीच घराला कुलूप लावून पुण्याला मुलीकडे गेलो होतो. निघायच्या घाईत मी एक काम मात्र नीट केलं होतं, निदान तसं मला वाटत होतं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढलेली रत्नकरंड श्रावकाचाराची वही मी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातली, वर घट्ट गाठ मारली आणि लोखंडी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली. सासूबाईंच्या जुन्या छापील पोथ्या सुती वेष्टनात बांधलेल्या होत्या, त्या भिंतीतल्या फडताळात तशाच राहिल्या.

तीन आठवड्यांनी परत आलो. फडताळातल्या पोथ्यांना कुबट वास होता, पण पानं स्वच्छ. आणि पिशवीतल्या वहीवर हिरवी-काळी बुरशी. जिला जपलं तीच गेली. त्या दिवशी मी रडले, हे सांगायला लाज नाही.

मग मी आपल्या लोकांनी शेकडो वर्षं पोथ्या कशा टिकवल्या हे शोधायला लागले. पहिलं नाव अर्थातच मूडबिद्रीचं. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका, जयधवला, महाबंध, या सगळ्यांची ताडपत्रं तिथल्या गुरुबसदीत होती. म्हणून तिला सिद्धान्त बसदीही म्हणतात. जैसलमेरच्या किल्ल्यातला ज्ञानभांडार टिकला, त्यात वाळवंटाच्या कोरड्या हवेचा मोठा वाटा आहे. मूडबिद्री म्हणजे तुळुनाडू, आपल्या कोकणासारखा धो धो पाऊस. तिथे ताडपत्र टिकणं सोपं नाही. ताडपत्रं लाकडी फळ्यांमध्ये धरून दोरीने बांधायची, वरून सुती कापड गुंडाळायचं, ही आपली जुनी रीत. लाकूड आणि सूत हवेतली ओल थोडी शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की सोडून देतात. प्लॅस्टिक ती आतच कोंडतं. माझ्या वहीच्या कागदात ओल आधीच होती, मी तिला गाठ मारून बंद केलं, एवढाच काय तो प्रकार. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतातच. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि हवा खेळती नसली की ते रुजतात.

पण नुसतं बांधून ठेवूनही भागत नाही. मूडबिद्रीची ताडपत्रं बराच काळ फक्त दर्शनासाठी बाहेर निघत. लोक हात जोडत, वाचत कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी मनावर घेतलं, तेव्हा प्रती उतरवायला सुरुवात झाली. पुढे अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी धवला संपादित केली, पहिला भाग 1939 मध्ये निघाला. महाबंधाची काही ताडपत्रं तोवर नष्ट झालेली होती. आदर म्हणून न उघडणं पोथीला मानवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तर येवो.

पूर्वजांना हे कळत होतं, हे श्रुतपंचमीवरून दिसतं. ज्येष्ठ शुद्ध पंचमी. पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केल्याचा हा दिवस, म्हणून आपण जिनवाणीची पूजा करतो. पण त्या दिवशी सासूबाई आणखी काय करायच्या? सगळी शास्त्रं बाहेर काढायची, एकेक पान उलटून झटकायचं, कोवळं ऊन दाखवायचं, नवं वेष्टन बांधायचं. पंचांग बघा, हा दिवस मृग नक्षत्राच्या आसपास येतो, म्हणजे पाऊस तोंडावर. श्वेतांबर मैत्रिणींची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस सरल्यावर. त्यांच्याकडेही भांडार उघडून पोथ्या झटकतात. मी आता दोन्ही पाळते. एक ओल येण्याआधी, एक ओल गेल्यावर. संप्रदायाचा प्रश्न मला तरी पडत नाही.

आपल्याकडे बुरशी नंतर पुसण्यापेक्षा आधी टाळण्यावर एवढा भर का, याचं कारण कल्पसूत्रात सापडतं. चातुर्मासातल्या साधूंच्या नियमांत आठ सूक्ष्म गोष्टी सांगितल्या आहेत, ज्या वारंवार नीट पाहायच्या. त्यांतली एक ‘पनक’, म्हणजे बुरशी. काळी, निळी, तांबडी, पिवळी, पांढरी, असे तिचे पाच रंग, आणि ज्या वस्तूवर उगवते तिच्याच रंगाचीही असते, असं तिथे म्हटलंय. या शेवटच्या वाक्याने मी थक्क झाले. भाकरीवरची पांढरी बुरशी आपल्याला उशिरा दिसते ती याचमुळे ना? आपली पिठाची मर्यादा, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हीसुद्धा त्याच नजरेतून आलेली. बुरशी आली की अनंत जीव आले, मग पुसलं तरी हिंसा.

म्हणून वही हातात धरून मी अडले. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, पुसू नकोस, धुऊ नकोस, कोणाचा हात लागणार नाही अशा कोरड्या, वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेव. पुढे वाचलं तर जुने कागद जतन करणारेही तेच सांगतात. ओली बुरशी पुसली तर पसरते, आधी कोरडं होऊ द्या. दिवाळीपर्यंत वही वरच्या खोलीत पडून होती. सात पानं वाचता येत नाहीत. ग्रंथ छापील मिळतो, सासऱ्यांचं अक्षर कुठून आणू?

आता कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. पाऊस चार-पाच दिवस लागला आणि मग उघडीप मिळाली की दारं उघडी टाकते. वेखंडाची पुरचुंडी ठेवते, पण ती किडीसाठी, बुरशीला ती दाद देत नाही. वेष्टनांसाठी मांजरपाट आणते. एक सांगते, नवा मांजरपाट तसाच बांधू नका. त्यातली खळ बुरशीलाही आवडते आणि किडीलाही. दोनदा गरम पाण्यातून काढायचा, कडक वाळवायचा आणि मगच पोथीला बांधायचा.