परिचारिका आणि गावची बाई

नर्सबाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळ उभे राहते. पांढरा पोशाख, हातात थर्मामीटर, खाटांच्या ओळी आणि मागून येणारी डॉक्टरांची हाक. आजाऱ्याची शुश्रूषा हेच तिचे काम, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. आजार होऊच नये म्हणून झटणारी परिचारिका कोणी पाहिली आहे काय, असे विचारले तर बहुतेक जण पोरांना लस टोचायला येणाऱ्या बाईंचा उल्लेख करतील आणि थांबतील. या दुसऱ्या परिचारिकेचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातले एक मोठे प्रकरण आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात घडलेले आहे. ते डॉक्टरांच्या नावाने सांगितले जाते, गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या नावानेही सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या दोघांच्या मधे जी परिचारिका उभी होती ती सांगताना निसटते. हा लेख तिच्याविषयी आहे.

कल्पना तशी जुनी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. पण येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८६३ चा अहवाल सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १८९३ साली त्यांनी परिचर्येचे दोन भाग पाडले. एक आजाऱ्याची परिचर्या आणि दुसरी आरोग्याची परिचर्या. त्यांपैकी दुसरी घरातल्या प्रत्येक स्त्रीला आली पाहिजे, असे त्यांचे मत होते. इंग्लंडच्या खेड्यांत स्त्रियांनी घरोघर जाऊन आरोग्याच्या गोष्टी शिकवाव्यात हा प्रयोग त्यांनी करवला, आणि १८९६ साली हिंदुस्थानातील खेड्यांसाठीही तसेच सुचवले. नुसती व्याख्याने देऊन भागणार नाही, घरात शिरून बोलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. (व्याख्यानमालेच्या पुस्तकात हे लिहिताना मला थोडा संकोच होतो, पण ते खरे आहे.)

त्याच वर्षी मुंबई इलाख्यात प्लेग आला. पुढच्या मार्चमध्ये, १८९७ साली, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. नगरच्या मिस फरार यांच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतलेल्या त्या बाई. त्यांना कोणी परिचारिका म्हटले नाही आणि त्या पेशाने नव्हत्याही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने मध्यमवर्गातल्या स्त्रिया, त्यांत विधवा पुष्कळ, ससून इस्पितळात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. तोवर हे काम परजातीचे आणि परधर्माचे समजले जात असे. नगरात अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्यूलिया बिसेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांसाठी इस्पितळ उभारले. १९३९ पासून ते मुक्तिफौजेकडे आले, आणि आपण सारे त्याला बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखतो. अशा ठिकाणी शिकलेल्या मुलींनी या जिल्ह्यात किती बाळंतपणे सुखरूप केली याची गणती नाही. पण हे सारे इस्पितळाच्या भिंतीआतले काम होते. खेड्याची गोष्ट वेगळी होती. १९४६ च्या भोर समितीने दिलेले आकडे पाहिले म्हणजे कल्पना येते: साऱ्या देशात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा खड्डा भरण्यासाठी सहायक परिचारिका-प्रसाविका, जिला आपण ए. एन. एम. म्हणतो, ती तयार केली. कमी मुदतीचे शिक्षण द्यायचे आणि खेड्यात पाठवायचे, असा हिशेब. कागदावर तो बिनचूक होता.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले तेव्हा त्यांच्याही मनात असाच हिशेब होता. रजनीकांत सुप्याचे, म्हणजे याच मातीतले; दोघेही वेल्लोरचे पदवीधर. त्यापूर्वी नेवासे तालुक्यातल्या वडाळा येथील मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षे काढली होती. तेथे एक गोष्ट त्यांना खुपत होती. बरा करून पाठवलेला रोगी तोच रोग घेऊन परत येई, कारण घरचे पाणी तेच, अन्न तेच, चालीरीती त्याच. जामखेडला जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झाले. बेत असा की, गावोगाव एकेक सहायक परिचारिका राहील आणि प्रतिबंधाचे सारे काम करील.

तो बेत फसला. का फसला हे समजून घेतले पाहिजे, कारण दोष त्या मुलींचा नव्हता. विशीतली, बहुधा अविवाहित मुलगी परक्या गावात एकटी राहायची. रात्री कडी लावून निजायची खोली धड नाही, संध्याकाळी बोलायला कोणी नाही, आणि गावच्या टग्यांची नजर. शिवाय चार बाळंतपणे झालेल्या बाईने हिचे का ऐकावे? पोर न झालेली, शहरी बोलणारी, पांढरे नेसलेली मुलगी तिला सांगणार की बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावर पाज! सासू दारात उभी असताना ते बोलणे उंबरठ्याच्या आत जाणे शक्य नव्हते. देशभर हाच अनुभव येत होता, आणि त्यात भर पडली कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांची. १९७५-७७ च्या काळात तर नर्सबाई दिसली की माणसे रानात जात, कारण ती शस्त्रक्रियेची माणसे मोजायला आली आहे असेच वाटे. प्रतिबंधाचे काम विश्वासावर चालते. तो एकदा गेला की लसही संशयाची होते.

जामखेडने उलट वाट धरली. परिचारिकेने गावात राहावे हा हट्ट सोडला आणि गावातलीच एक बाई निवडायला सांगितले. निवडलेल्या बाया बहुधा निरक्षर, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र निजत. शिकवणाऱ्यांत मेबलबाई होत्या आणि परिचारिका होत्या. आणि त्या परिचारिका फिरत्या पथकाबरोबर गावात जात तेव्हा आरोग्यसेविकेच्या पाठीशी उभ्या राहत.

हे लिहायला सोपे आहे. तीन वर्षे घोकून, परीक्षा देऊन, टोपी मिळवलेल्या मुलीला सांगायचे की तुझी विद्या या अंगठाबहाद्दर बाईला दे, आणि गावात मान तिला मिळू दे. पेशाचा सारा अभिमान त्याविरुद्ध उठतो. डॉक्टरने परिचारिकेला रोग ओळखू द्यावा आणि परिचारिकेने तेच पुढे गावच्या बाईला द्यावे, ही उतरंड मोडणे मला तरी त्या प्रयोगातली सर्वांत कठीण गोष्ट वाटते. औषधे आणि मोटारी पैशाने मिळतात. हे पैशाने मिळण्यासारखे नव्हते.

शिकवायचे तरी काय? धनुर्वाताचे उदाहरण घ्या. नाळ कापायला विळा किंवा हाताला येईल ते पाते, वर राख नाहीतर शेण. आठव्या दिवशी बाळ ताठ होई आणि लोक सटवीला किंवा बाहेरच्या बाधेला बोल लावीत. परिचारिकेच्या हातात याला उत्तर होते. गरोदरपणी आईला लस, आणि बाळंतपणाला उकळलेले पाते, स्वच्छ दोरा, धुतलेले हात. पण सटवी मनातून काढणे लसीच्या कक्षेबाहेरचे होते. ते गावची बाई करी, कारण तिच्याही अंगणात असे बाळ गेलेले असे. हगवणीचेही तेच. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून घोट घोट पाजणे ही विद्या घरात पोचली म्हणजे सलाईनची बाटली पुष्कळदा लागत नाही. हगवण लागलेल्या पोराचे पाणी तोडायचे हा त्या काळचा रिवाज होता. तो मोडायला जावेचे किंवा शेजारणीचेच तोंड लागते.

१९७१ ते ७३ चा दुष्काळ आला आणि आरोग्याचा प्रश्न पाण्यावर येऊन ठेपला. कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत खोदण्याचे धोरण ठेवले गेले, म्हणजे साऱ्या गावाला तेथेच पाण्याला यावे लागे. रोगप्रतिबंध नि जातिभेद यांचा संबंध परिचर्येच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात होता?

फळ काय मिळाले? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत; पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. आपल्याच नोंदी म्हणून कोणी शंका घेईल. बाहेरच्या अभ्यासकांनी शेजारच्या गावांशी तुलना करून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. त्यात पहिला महिना ओलांडलेल्या बालकांचा पाच वर्षांच्या आतील मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा पहिल्याइतका डोळे दिपवणारा नाही, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण त्या काळात शेजारची गावेही सुधारत होतीच.

आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९८८ साली जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्यपरिषदेत बोलल्या. सभागृहातली झगमगती झुंबरे आणि एकीवरून दुसरी पेटवता येणारी आपली पणती यांची तुलना त्यांनी केली, आणि ती जगभर गाजली. त्यांना शिकवणाऱ्या परिचारिकांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

सरकारने हा धडा अर्धा घेतला. १९७७ साली ग्राम आरोग्य रक्षक आले, १९७८ च्या अल्माआता परिषदेत प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली, २००५ पासून आशाताई आल्या, हजार वस्तीला एक. सपाट मुलखातल्या उपकेंद्राकडे पाच हजार लोकवस्ती असा दंडक आहे. गावची बाई मिळाली. पण तिला आठवड्याला जवळ बसवून शिकवील अशा परिचारिकेला वेळ कोठे आहे? लसीकरण, बाळंतपणे, गरोदर बायांच्या नोंदी आणि त्या साऱ्यांच्या वह्या. त्यात आता मोबाईलवर भरायची माहिती. दुपारी उपकेंद्रात डोकावले तर नर्सबाई खाली मान घालून आकडे भरताना दिसतात, आणि आशाताई समोरच्या बाकावर आपल्या कागदावर सही होण्याची वाट पाहत बसलेल्या असतात.