खोक्यातलं भंगार आणि हंडीतलं लोणी

बीईचं प्रोजेक्ट म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात: ब्लॅक बुक आणि व्हायवा. यंत्र चाललं का, हा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरावर. म्हणूनच तर तयार प्रोजेक्ट विकणाऱ्यांचा धंदा चालतो. पण मुळात विकत घेताच येणार नाही असं प्रोजेक्ट देता येईल का?

याचं उत्तर १९७० च्या दशकातच मिळालं होतं. एमआयटीत. (कोथरूडची नव्हे, बॉस्टनजवळची!) तिथे मेकॅनिकलच्या पोरांना '२.७०' नावाचा डिझाइनचा कोर्स असे. वूडी फ्लॉवर्स हे तो शिकवणारे प्राध्यापक. सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक खोकं मिळायचं. आत रबरबँड, पट्ट्या, छोट्या मोटर असलं किरकोळ सामान. सगळ्यांना सारखंच. त्यातून ठरलेलं काम करणारं यंत्र स्वतः बनवायचं आणि शेवटी भर गर्दीत दुसऱ्याच्या यंत्राशी भिडवायचं.

यातली गंमत बघा. खोकं सारखं, म्हणजे बापाच्या पैशाचा उपयोग शून्य. काम दरवर्षी नवं, म्हणजे सीनियरची फाइल कॉपी करून भागत नाही. आणि यंत्र सगळ्यांसमोर चालवायचं, म्हणजे 'सर, काल चालत होतं' हे कोण ऐकणार?

पुढे १९८९ मध्ये डीन केमन यांनी 'फर्स्ट' ही संस्था काढली, तेव्हा फ्लॉवर्स त्यांच्या सोबत होते. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. जोरात लढा, पण प्रतिस्पर्ध्याला मदतही करा, हा फ्लॉवर्स यांचा आग्रह. २०१९ मध्ये ते गेले.

तिकडे जपानमध्ये मासाहिरो मोरी हे प्राध्यापक याच वाटेवर होते. १९८८ मध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने रोबोकॉन सुरू केलं, त्यामागे तेच. २००२ मध्ये टोकियोत ते आशियाभरच्या कॉलेजांसाठी खुलं झालं आणि २००८ मध्ये थेट पुण्यात आलं. विषय? दहीहंडी! नाव 'गोविंदा'. यंत्रांनी उंचावरच्या हंडीतलं लोणी काढायचं. जिंकले मात्र चिनी. गोविंदा आपला, लोणी त्यांचं.

रोबोकॉनमध्ये सामान आपलं आपण आणायचं असतं, त्यामुळे पैसा थोडाफार बोलतोच. पण नियम सगळ्यांना एकच, आणि त्या दिवशी यंत्र हललं नाही तर ब्लॅक बुकची सोनेरी अक्षरं वाचवत नाहीत.

आपल्याकडे स्पर्धेला जाणारी पोरं मूठभर. बाकीच्यांचं काय? मला वाटतं त्यासाठी मोठी लॅब लागत नाही. वर्गात प्रत्येकाला एकसारखं एक खोकं द्यायचं आणि एक्स्टर्नलने एकच प्रश्न विचारायचा, 'चालवून दाखव.'

फ्लॉवर्सना तरी दुसरं काय लागलं होतं?