फादर स्टीफन्स आणि गोव्याच्या बंदिखान्यांतील परदेशी कैदी

क्रिस्तपुराणाचा कर्ता या नात्यानें फादर थॉमस स्टीफन्स याचें नांव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. १६१६ सालीं रायतूर येथें छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाविषयीं, त्याच्या पोथ्यांविषयीं व त्याच्या भाषेविषयीं आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. त्या मानानें ग्रंथकर्त्याच्या चरित्राचें एक अंग, म्हणजे तुरुंगांत पडलेल्या परक्या माणसांस त्यानें केलेलें साहाय्य, हें मागें पडलें. हें साहाय्य निरपेक्ष होतें कीं त्यामागें कांहीं लोभ होता, असा वाद समकालीन लेखांतच उत्पन्न झालेला आहे. उपलब्ध साक्षींवरून त्याचा निर्णय करावा, एवढाच आमचा येथें हेतु आहे.

प्रथम पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. भुकेल्यास अन्न द्यावें, परक्यास थारा द्यावा, बंदिवानाचा समाचार घ्यावा, हीं कृत्यें प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा होय, असें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलें आहे. याच आधारावर १४९८ सालीं पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयानें लिस्बन येथें मिसेरिकॉर्दिया नांवाचा बंधुसंघ निघाला. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यानंतर लवकरच त्याची शाखा तेथेंहि स्थापन झाली. या संघाचे सभासद पाद्री नसून गृहस्थ असत. त्यांत सरदार असत, तसे कारागीरहि असत. अनाथ कैद्यांस अन्न पोंचविणें, त्यांच्या खटल्यांची खटपट करणें, आणि देहान्ताची शिक्षा झालेल्यास वधस्तंभापर्यंत सोबत करणें, हीं कामें ते धर्मकृत्य म्हणून करीत. ज्या काळीं कैद्यानें आपल्या पोटाची सोय बहुधा आपणच पहावी लागे, त्या काळीं या कामाची किंमत काय होती, हें वेगळें सांगावयास नको. १५४२ सालीं गोव्यास आलेला फ्रान्सिस झेव्हियर यानेंहि तेथील तुरुंगांत जाऊन कैद्यांची विचारपूस केली. तात्पर्य, स्टीफन्स १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला, तेव्हां ही वहिवाट तेथें रुळलेली होती.

पुढें चार वर्षांनीं जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज हलब, बगदाद व बसरा या मार्गानें होर्मुजास पोंचले. तेथें एका व्हेनिशियन व्यापाऱ्याच्या चुगलीवरून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस धरून गोव्यास रवाना केलें. १५८० पासून पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या फिलिप राजाकडे गेलें होतें. त्याचा प्रतिस्पर्धी दों आंतोनियो याचे हे हेर असावे, असा संशय होता. १५८३ च्या अखेरीस ते गोव्याच्या तुरुंगांत पडले. सुटकेनंतर १५८४ च्या जानेवारींत न्यूबेरी व फिच यांनीं गोव्याहून स्वदेशीं पाठविलेलीं पत्रें हक्लूट यानें पुढें आपल्या संग्रहांत छापिलीं. दोघेहि एकमुखानें सांगतात कीं, सेंट पॉलचे दोन पाद्री, एक ब्रुजेसचा मार्को व दुसरा इंग्रज स्टीफन्स, यांनीं आपल्यासाठीं अतोनात खटपट केली. कैद्यांकडे दोन हजार डुकाटांचा जामीन मागण्यांत आला. तो त्यांस मिळेना, तेव्हां या पाद्र्यांनींच जामीनदार मिळवून दिले, असें फिच लिहितो. ते नसते तर जीव वांचला तरी दीर्घ कारावास चुकला नसता, असाहि त्याचा अभिप्राय आहे.

आतां उलट बाजू. त्याच वेळीं गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं असलेला डच तरुण लिन्स्खोटेन यानें १५९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या प्रकरणाची हकीकत दिली आहे. जेझुइटांचा डोळा या इंग्रजांच्या द्रव्यावर होता, व त्यांस आपल्या संघांत ओढावें असाहि त्यांचा बेत होता, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे. या साक्षीस कांहीं आधार नाहीं असें नाहीं; कारण स्टोरी हा चित्रकार होता, व तो खरोखरच जेझुइटांकडे राहिला. बाकीचे तिघे १५८४ सालीं गोव्यांतून गुपचूप निसटून विजापुराकडे गेले. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. न्यूबेरीच्या पत्रांत साहाय्यकर्त्यांमध्यें दोन तरुणांचींहि नांवें असून त्यांपैकीं एक लिन्स्खोटेनच आहे! म्हणजे आक्षेपक स्वतःच बंदिवानांचा कैवारी होता. एकाच कामांत गुंतलेल्या दोन पक्षांनीं परस्परांच्या हेतूंविषयीं साशंक असावें, यांत नवल नाहीं. शिवाय पत्रें त्याच सुमाराचीं व उपकृतांच्या हातचीं आहेत. ग्रंथ बारा वर्षांनंतरचा आहे.

केवळ याच साक्षींवर निकाल द्यावयाचा असता तर तो संशयित राहिला असता. परंतु पंचवीस वर्षांनंतरची दुसरी साक्ष उपलब्ध आहे. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याचें जहाज १६०२ सालीं मालदीव बेटांजवळ फुटलें. पांच वर्षें तो तेथें अडकून पडला. १६०८ सालीं तो आजारी व निष्कांचन स्थितींत गोव्यास आला आणि इस्पितळांतून बरा होऊन निघतांच तुरुंगांत पडला. त्याच्या सुटकेसाठीं झटलेल्या जेझुइटांत तो स्टीफन्सचें नांव घेतो. हा कैदी इंग्रज नव्हता. त्याच्यापाशीं द्रव्यहि नव्हतें. यावरून स्वदेशाभिमान व द्रव्यलोभ हीं दोन्हीं कारणें या प्रसंगीं लागू पडत नाहींत. बंदिवानाचा समाचार घेणें हा स्टीफन्सचा जन्माचा नेम असावा, असेंच अनुमान निघतें.

तथापि या एका पुरुषाच्या सौजन्यावरून त्या काळच्या धर्मसत्तेस दयाळु ठरविणें युक्त होणार नाहीं. त्याच गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा बंदिखाना होता. १६७४ ते १६७६ या काळांत त्यांत कोंडलेला फ्रेंच वैद्य देलों यानें तेथील एकान्ताचें व सक्तीच्या मौनाचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, तें वाचून अंगावर कांटा येतो. तें न्यायासन कायमचें बंद होण्यास १८१२ साल उजाडावें लागलें. कैद्यास कोंडणारे व कैद्यासाठीं जामीन धुंडाळणारे एकाच धर्माचे अनुयायी होते. इतिहासकारानें यांपैकीं एक बाजू झांकून दुसरी दाखवूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वरील सर्व साक्षी युरोपीय कैद्यांच्या व त्यांच्या ओळखीच्यांच्या आहेत. त्याच तुरुंगाच्या भिंतींआड कोंकणी व मराठी बोलणारीहि माणसें होतीं. त्यांचें सुखदुःख कळावयाचें तर तें घरगुती दप्तरांतूनच कळेल. गोमंतकांतील व सीमेवरील जुन्या घराण्यांत जामीनकतबे, कैदेंतून लिहिलेले अर्ज किंवा मिसेरिकॉर्दियाशीं झालेला पत्रव्यवहार असल्यास तो रद्दी समजून टाकूं नये. त्याच्या नकला उजेडांत आल्या, तर क्रिस्तपुराणाचा कर्ता ज्यांच्या भाषेंत बोलला, त्या लोकांचीहि साक्ष या प्रकरणांत नोंदली जाईल.