डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रेग’ कसं लिहायचं? कर्नलला हार्डवेअरचा पत्ता देण्याची बरोबर पद्धत

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. यूएसबीला काही जोडलं की ते स्वतःची ओळख सांगतं, पण चिपच्या आतले सीरियल पोर्ट, टायमर वगैरे गप्प असतात. ते मेमरीच्या कुठल्या पत्त्यावर आहेत, हे कर्नलला आधीच लिहून द्यावं लागतं. हे जिथे लिहितात ती फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री. कस्टम रॉम किंवा नवीन कर्नल पोर्ट करायचा असेल, तर इथे एक आकडा चुकला तरी फोन लोगोवरच अडकू शकतो.

खरं उदाहरण

पोको एफ१ आणि वनप्लस ६ मध्ये स्नॅपड्रॅगन ८४५ चिप आहे. तिच्या एका सीरियल पोर्टची नोंद अशी असते:

सीरियल@ए८४०००
रेग = <० ए८४००० ० ४०००>

सगळे आकडे हेक्स आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून आधीचं ‘शून्य-एक्स’ इथे गाळलंय, पण ‘रेग’ लिहिताना ते लागतंच. विसरलात तर ४००० हा साधा दशमान आकडा धरला जातो आणि १६,३८४ बाइटऐवजी फक्त ४,००० बाइट मिळतात.

चार आकडे कशासाठी?

एक सेल म्हणजे ३२ बिट. तेवढ्यात जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतचे पत्ते मावतात. या चिपमध्ये रॅमचा पत्ताच २ जीबीपासून सुरू होतो, म्हणजे ६ जीबी रॅमचा शेवट ४ जीबीच्या बराच पुढे जातो. म्हणून पत्त्याला दोन सेल आणि आकाराला दोन सेल. पहिली जोडी पत्ता, दुसरी आकार.

किती सेल वाचायचे हे ‘ॲड्रेस-सेल्स’ आणि ‘साइझ-सेल्स’ ठरवतात. इथेच बहुतेक जण फसतात. या दोन ओळी ज्या नोडमध्ये असतात, त्या नोडच्या स्वतःच्या ‘रेग’ला लागू होत नाहीत, त्याच्या मुलांना लागू होतात. नातवंडांपर्यंतही त्या आपोआप पोहोचत नाहीत.

समजा, वरच्या नोडमध्ये दोन्हीकडे चुकून १ लिहिलं. मग कर्नल त्याच ओळीत दोन वेगळे भाग वाचेल. पहिला भाग पत्ता ०, आकार ए८४०००. दुसरा पत्ता ०, आकार ४०००. ड्रायव्हर भलत्याच जागी लिहायला जाणार आणि फोन हँग किंवा रीस्टार्ट होणार.

आय-टू-सी बसवरच्या टचस्क्रीनचं मात्र वेगळं असतं. तिथे पत्ता म्हणजे फक्त बसवरचा नंबर, आकार नसतोच. म्हणून तिथे १ आणि ०.

‘रेंजेस’ विसरू नका

बसवरचा पत्ता आणि प्रोसेसरला दिसणारा पत्ता एकच असेल असं नाही. रास्पबेरी पाय ३ मध्ये सीरियल पोर्ट ७ई२०१००० वर लिहिलेला असतो, पण प्रोसेसरला तो ३एफ२०१००० वर दिसतो. हे भाषांतर ‘रेंजेस’ करतं. ‘रेंजेस’ रिकामं ठेवलं तर दोन्ही पत्ते सारखेच आहेत असा अर्थ होतो. ते लिहिलंच नाही, तर भाषांतरच होत नाही आणि प्रोसेसरला ते हार्डवेअर सापडत नाही.

बिल्डआधी तपासा

- ‘@’ नंतरचा आकडा आणि ‘रेग’मधला पहिला पत्ता जुळतो का? ‘@’ नंतर ‘शून्य-एक्स’ आणि पुढची फालतू शून्यं लिहू नका.
- वरच्या नोडमधले सेल्स मोजले का?
- आकार चिपच्या मॅन्युअलमधून घेतला आहे ना, अंदाजाने नाही?
- डीटीसी कंपायलरच्या वॉर्निंग वाचल्या का? वॉर्निंग असली तरी फाइल बनते, म्हणून लोक ती सोडून देतात.

एक लक्षात ठेवा: सेल्सचं गणित जुळलं म्हणून पत्ता खरा ठरत नाही. तो बरोबर आहे की नाही हे कंपायलरला कळत नाही, ते मॅन्युअल उघडून तुम्हालाच बघावं लागतं.