आचरेकर सरांचा कुलवृत्तांत

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत कुलवृत्तांताला मानाचे पान असते. मूळ पुरुष कोणत्या गावाहून निघाला, त्याचे पुत्रपौत्र कोठे स्थिरावले, कोणी सरकारी नोकरीत नाव मिळविले, कोणी व्यापारात; हे सारे वाचण्यात एक निराळाच आनंद असतो, आणि आपले नाव वृक्षाच्या कोणत्या फांदीवर आहे हे शोधण्याची उत्सुकता तर लहानथोर सर्वांनाच असते. यंदा आम्ही ज्या घराण्याचा वृत्तांत देत आहोत, त्याचा वृक्ष मात्र रक्ताच्या नात्याने वाढलेला नाही. त्याचे मूळ पुरुष, क्रिकेटचे विख्यात गुरु रमाकांत विठ्ठल आचरेकर, २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांचे जन्मगाव मालवण आणि जन्मसाल १९३२. लहानपणीच ते मुंबईस आले, आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी दादरच्या शिवाजी पार्कवर वेचले.

अशा प्रसंगी आपल्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : आचरेकर आपल्यापैकी की काय? आडनावात मालवण तालुक्यातील आचरे गावाची खूण आहे. परंतु गावावरून पडलेली अशी आडनावे अनेक ज्ञातींत सापडतात. आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो नाही, आणि त्याला कारण आहे.

आचरेकर मुंबईत आले तेव्हा या शहराचे सर्वांत गाजणारे क्रिकेट जमातवार चालत असे. १९१२ साली सुरू झालेल्या चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे संघ उतरत. १९३७ पासून उरलेल्यांचा ‘रेस्ट’ संघ येऊन सामने पंचरंगी झाले. हिंदूंच्या संघातसुद्धा सर्व हिंदूंना सारखी वागणूक नव्हती. पळवणकर बाळू यांच्यासारख्या अव्वल गोलंदाजास केवळ अस्पृश्य गणलेल्या जातीत जन्मल्यामुळे खेळाच्या मधल्या वेळी चहा निराळ्या भांड्यात व निराळ्या जागी घ्यावा लागे. संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, तेही पुष्कळ वाद झाल्यानंतर. १९४० च्या अखेरीस गांधीजींनी या जमातवार सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली, आणि १९४६ साली ते कायमचे बंद पडले. आचरेकर न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबातून खेळू लागले ते १९४५ मध्ये. म्हणजे एक व्यवस्था मावळत होती नेमक्या त्याच वेळी हा मुलगा बॅट हाती घेत होता. त्यांनी या विषयावर कधी व्याख्यान दिल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांनी नेट लावले. त्या नेटमध्ये मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा आला, कांजूरमार्गहून लोकलने दादर गाठणारा मेकॅनिकचा मुलगा आला, शीख घरातील तरुण गोलंदाज आला. आत शिरताना कोणास आडनाव सांगावे लागले नाही. मग त्यांच्या निधनानंतर आम्ही ते विचारीत बसावे, हे उचित नव्हे.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगण्याजोगी आहे. यंग महाराष्ट्र संघ, गुलमोहर मिल्स, बंदर विभाग, नंतर स्टेट बँक असा त्यांचा प्रवास झाला. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. तो १९६३-६४ च्या हंगामात हैदराबादच्या मोईनुद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत स्टेट बँकेकडून खेळलेला. ज्याला स्वतःला एकाहून अधिक सामना मिळाला नाही, त्याने इतरांना सामने मिळवून देण्यात उभा जन्म घालविला, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

सरांचे खरे वैशिष्ट्य या सामने मिळवून देण्यातच होते. पुस्तकी तंत्राचे धडे घोकून घेण्यापेक्षा मुलास सामन्यांत उतरविण्यावर त्यांचा भर असे. तेंडुलकर यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, पहिल्याच उन्हाळी सुटीत, सुमारे ६० दिवसांत, आपण ५५ सराव सामने खेळलो. सकाळी साडेसातपासून नेट, मग सामना, सायंकाळी पुन्हा नेट, आणि शेवटी पॅड बांधलेल्या स्थितीत शिवाजी पार्कला धावत प्रदक्षिणा, असा दिनक्रम. अंगावर घालावयाचा क्रिकेटचा पोशाख एकच. तो सकाळच्या सत्रानंतर धुवून वाळवायचा आणि दुपारी पुन्हा चढवायचा. एका मैदानावर मुलगा बाद झाला की सर त्यास स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत व तेथील सामन्यात फलंदाजीस उतरवीत. झाडाआड उभे राहून ते खेळ पाहत, चिठोऱ्यावर चुका टिपून ठेवीत आणि सामना संपल्यावर त्या एकेक करून वाचून दाखवीत. दमलेल्या मुलास अखेरच्या नेटमध्ये उभे करून यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचे नाणे. कोणीच बाद करू शकला नाही तर फलंदाजाचे. अशी १३ नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेविली आहेत.

हा मुलगा १९८४ मध्ये थोरल्या भावाबरोबर कामत मेमोरियल क्लबच्या नेटवर आला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याचा खेळ सरांच्या डोळ्यांत भरलाच नाही. भावाने विनंती केली की, तुम्ही निघून गेल्यासारखे दाखवून दुरून पाहावे. सरांनी ती मानली. आमच्या मते सरांच्या थोरवीची ही पहिली खूण होय. मोठे मानले गेलेले किती गुरु एका पोरसवदा भावाच्या सांगण्यावरून आपला निर्णय पुन्हा तपासतील? पुढे बॅट फार खाली धरण्याची त्याची सवय मोडावी असे त्यांनी सुचविले. परंतु बदललेली पकड मुलास जमत नाही असे दिसताच त्यांनी तो आग्रह सोडून दिला.

आता घराविषयी. सरांचे घर व नेट यांत भिंत अशी नव्हतीच. पोरे सरांच्या घरी जेवावयास जात. मटणाचा रस्सा, पाव, लिंबू आणि कांदा हा आपला आवडता बेत गुरुपत्नी करून वाढीत असत, असे तेंडुलकर यांनी जाहीर सभेत आवर्जून सांगितले आहे. वृत्तपत्रांतील मृत्युलेखांत शतकांचे आकडे पुष्कळ आले, पण रोज परक्यांच्या मुलांसाठी चूल पेटती ठेवणाऱ्या त्या गृहिणीचा उल्लेख फारसा कोठे दिसला नाही, म्हणून तो येथे मुद्दाम करीत आहोत. सरांच्या एका कन्येने पुढे स्वतःच क्रिकेट शिकविण्याचा वसा घेतला, आणि सर आजारपणामुळे मैदानावर येईनासे झाले तेव्हा कुटुंबीयांनी नेट बंद पडू दिले नाही. शाळा शिवाजी पार्कजवळ असावी म्हणून सचिनला दादरच्या शारदाश्रमात घालावे, हा सल्ला सरांचा. तो मानून त्याच्या आईवडिलांनी त्यास पार्काजवळ काकाकाकूंच्या घरी ठेविले. म्हणजे एका घराने मुलगा दिला, दुसऱ्याने त्यास निवारा दिला आणि तिसऱ्याने त्यास जेवू घातले. आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

थपडेची गोष्टही सर्वश्रुत आहे. सरांनी लावून दिलेला सामना चुकवून सचिन वानखेडे स्टेडियमवर शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहण्यास गेला. सर तेथे भेटले, त्यांनी एक ठेवून दिली आणि बजावले की, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजविण्यास येऊ नकोस, लोक तुझा खेळ पाहण्यास येतील असे खेळ. मुलावर हात उगारणे आम्हांस मान्य नाही, व ते कोणा थोर पुरुषाने केले म्हणून योग्य ठरत नाही. तथापि तो हात विसरून मुलाने शब्द तेवढे जन्मभर जपले, हेही खरे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निवृत्तीचे भाषण करताना ते म्हणाले की, २९ वर्षांत सरांनी आपणास एकदाही शाबासकी दिली नाही. दिली असती तर आपण गाफील राहू, अशी त्यांना भीती वाटे.

हीच शिस्त प्रत्येकास सारखी मानवली काय? २३ ते २५ फेब्रुवारी १९८८ या दिवसांत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, संघ २ बाद ७४८. डाव घोषित करा, असा सरांचा निरोप साहाय्यकामार्फत येत होता, आणि पोरे तिकडे पाहण्याचेच टाळीत होती. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके ठोकली. १७ कसोटींत त्याची सरासरी ५४.२० पडली, आणि शेवटची कसोटी तो १९९५ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी खेळला. गुरु एक, शाळा एक, मैदान एक. गुरूचा हात कोठवर पोहोचतो आणि त्याच्या पलीकडे मनुष्याचा स्वभाव व त्याचे दैव कोठे सुरू होते, हे या जोडीकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. कोणा एकाकडे बोट दाखविण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

वृक्षाच्या फांद्या पुष्कळ आहेत. बलविंदरसिंग संधू यांनी २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर सोडून दिलेल्या चेंडूवर ग्रीनिजचा त्रिफळा उडविला, तो चेंडू कोण विसरेल? प्रवीण आमरे यांनी १९९२ मध्ये डर्बनला पदार्पणाच्याच कसोटीत शतक झळकाविले; अजित आगरकर २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. परंतु आम्हांस या कुळाचे सर्वांत मोठे लक्षण निराळेच वाटते. धावा करणारे शिष्य पुष्कळ गुरूंना लाभतात. सरांचे शिष्य स्वतः शिकविणारे झाले. लालचंद राजपूत हे २००७ मध्ये पहिला विसावी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे व्यवस्थापक होते. रमेश पोवार यांनी भारताच्या महिला संघास शिकविले. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भास २०१७-१८ व २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. जून २०२२ मध्ये बंगळूरला रणजीचा अंतिम सामना झाला तेव्हा तर मोठे नवल घडले. एका बाजूस मध्य प्रदेश व त्याचे प्रशिक्षक पंडित. दुसऱ्या बाजूस मुंबई व तिचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. मध्य प्रदेशने मुंबईस नमविले व प्रथमच करंडक नेला. मुंबईकर हळहळले, परंतु कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास करंडक घरातच राहिला असे म्हणता येईल.

सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पद्मश्री असूनही त्यांच्या अंत्ययात्रेस शासकीय इतमाम लाभला नाही. त्यावर टीका झाली आणि शासनाच्या वतीने खेद व्यक्त करण्यात आला. शिवाजी पार्कवर मात्र पोरांनी बॅटी उंचावून सरांना निरोप दिला आणि शिष्यांनी खांदा दिला. ३ डिसेंबर २०२४ रोजी पार्काच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराशी त्यांच्या स्मारकाचे अनावरण तेंडुलकर यांच्या हस्ते झाले. प्रकृती खालावलेली असतानाही कांबळी त्या समारंभास आले होते.

आता एक शेवटची नोंद. १९८८ च्या त्या भागीदारीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुजुमदार हाच होता. दोन दिवस त्याची पाळी आली नाही. पुढे त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमविल्या, पण भारताच्या संघात त्याची पाळी कधीच आली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या रात्री कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानावरच प्रशिक्षकांजवळ आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.